कोविड आला तेव्हा फ्लू, न्यूमोनिया आणि टीबी कुठे गेले? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागांतून आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतले एकाच विषयाशी निगडित असलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखादी महामारी चालू असताना श्वसनाच्या इतर गंभीर आजारांचे प्रमाण का बदलते आणि ती ओसरल्यावर त्यांचे काय होते, हा तो विषय. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत; प्रत्यक्ष रुग्णाचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

१. कोविडच्या काळात दवाखान्यात 'सारी' हा शब्द सतत ऐकू यायचा. तो कोणता आजार आहे?

सारी हा एक आजार नसून रुग्णांचा एक गट आहे. गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला ताप व खोकला आणि रुग्णालयात दाखल करण्याइतकी गंभीर अवस्था, असे ज्याच्या बाबतीत आढळते त्या रुग्णाची नोंद या गटात होते. त्याच्या मुळाशी इन्फ्लुएंझा (फ्लू), मुख्यतः लहान मुलांना त्रास देणारा आरएसव्ही, कोरोना, एचएमपीव्ही यांसारखा विषाणू असू शकतो किंवा न्यूमोकॉकससारखा जीवाणूही असू शकतो. क्षयरोग आणि डांग्या खोकला यांची चाल संथ असल्यामुळे ते सहसा या व्याख्येत बसत नाहीत. परंतु महामारीचा त्यांच्यावर झालेला परिणाम इतका मोठा आहे की त्यांना वगळून हा विषय पुरा होत नाही.

कोविड सोडून फुप्फुसांच्या इतर संसर्गांचा बोजा किती आहे, हेही लक्षात असावे. २०२१ या एकाच वर्षात जगभरात अशा संसर्गांचे सुमारे ३४ कोटी प्रसंग घडले आणि त्यांत सुमारे २२ लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे ५ लाख मुले पाच वर्षांखालील होती. आणि हे वर्ष, पुढे दिसेल त्याप्रमाणे, या संसर्गांच्या दृष्टीने तुलनेने सौम्य होते.

२. हे आजार तेव्हा खरोखर कमी झाले होते, की सगळे लक्ष कोविडकडे असल्याने कोणी मोजलेच नाहीत?

दोन्ही गोष्टी घडल्या, पण वेगवेगळ्या आजारांच्या बाबतीत, आणि या विषयात सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. आकडा घसरला की त्यामागे तीनपैकी एक कारण असते: संसर्ग पसरणेच थांबले, किंवा रुग्ण होते पण तपासणीपर्यंत पोहोचले नाहीत, किंवा संसर्ग काही काळापुरता पुढे ढकलला गेला.

फ्लूच्या बाबतीत घट खरी होती. ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिका या देशांत जून ते ऑगस्ट हा फ्लूचा हंगाम असतो. तेथे एप्रिल ते जुलै २०२० या काळात ८३ हजारांहून अधिक नमुने तपासले गेले आणि त्यांतले फक्त ५१ फ्लूसाठी पॉझिटिव्ह आले. अमेरिकेत २०१९-२० च्या हंगामात फ्लूने जवळपास २०० मुले दगावली होती, तर पुढच्या हंगामात एक. हजारो नमुने तपासूनही विषाणू सापडत नसेल, तर 'मोजलेच नाही' हे स्पष्टीकरण टिकत नाही. क्षयरोगाचे मात्र नेमके उलटे झाले. त्यासाठी प्रश्न १० पाहावा.

३. टाळेबंदी, मास्क, बंद शाळा हे सगळे असूनही कोविड पसरत राहिला. मग त्याच उपायांनी फ्लू कसा थांबला?

दोन्ही विषाणूंची पसरण्याची ताकद सारखी नसते. हंगामी फ्लूचा एक रुग्ण सरासरी सव्वा ते दीड जणांनाच संसर्ग देतो, कारण बहुतेक प्रौढांना फ्लू पूर्वी कधी ना कधी होऊन गेलेला असतो. लोकांच्या भेटीगाठी निम्म्याने कमी झाल्या तरी हा आकडा एकच्या खाली येतो आणि साखळी आपोआप तुटते. कोरोनाचा मूळ विषाणू मात्र सरासरी दोन ते तीन जणांपर्यंत पोहोचत होता आणि त्याच्याविरुद्ध कोणाच्याही शरीरात तयारी नव्हती. म्हणून जे उपाय कोविडला केवळ मंद करू शकले, ते फ्लूला संपवण्यास पुरेसे ठरले.

दुसरे कारण मुले. फ्लू आणि आरएसव्ही समाजात फिरतात ते मुख्यतः मुलांमार्फत. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग मार्च २०२० नंतर थेट २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. इतका दीर्घकाळ गावोगावच्या वर्गखोल्या रिकाम्या राहणे ही या विषाणूंच्या दृष्टीने रस्ता बंद होण्यासारखीच गोष्ट होती. प्रवासाचाही वाटा होता. फ्लूचे नवे प्रकार एका देशातून दुसऱ्या देशात माणसांबरोबर जातात आणि विमाने थांबली तेव्हा ते थांबले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील कोगनोळी नाक्यावर २०२१ मध्ये मागितला जाणारा आरटीपीसीआर अहवाल फक्त कोविडचा होता. परंतु त्यामुळे जी ये-जा घटली, ती सर्वच श्वसनविषाणूंसाठी घटली.

४. मग साधी सर्दी का थांबली नाही?

साध्या सर्दीचे सर्वांत मोठे कारण असलेल्या ऱ्हायनोव्हायरसभोवती चरबीचे आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही आणि तो हातांवर, वस्तूंवर अधिक काळ टिकतो. फ्लू, आरएसव्ही आणि कोरोना यांना असे आवरण असते. म्हणून २०२० मध्येही सर्दी चालूच राहिली.

५. न्यूमोनियाचे जीवाणू तर निरोगी मुलांच्या घशातही असतात असे म्हणतात. ते आधीच घरात असताना त्यांचा आजार का घटला?

हा प्रश्न आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तराने न्यूमोनियाबद्दलची आपली समजच अधिक नेमकी झाली आहे.

न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझी (हिब हा त्याचाच एक प्रकार) आणि मेनिंगोकॉकस हे तीन जीवाणू खोकल्या-शिंकांतून पसरतात आणि रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरले तर प्राणघातक ठरतात. २६ देशांच्या प्रयोगशाळांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की २०२० च्या सुरुवातीला निर्बंध लागू होताच या तिन्ही जीवाणूंचे गंभीर आजार झपाट्याने घसरले. न्यूमोकॉकसच्या बाबतीत ही घट चार आठवड्यांत सुमारे ६८ टक्के, तर आठ आठवड्यांत सुमारे ८२ टक्के होती. लोक रुग्णालयात जाण्यास घाबरत होते म्हणून आकडा पडला असावा, ही शंका संशोधकांनाही होती. त्यासाठी त्यांनी श्वासावाटे न पसरणाऱ्या आणखी एका जीवाणूच्या नोंदी त्याच प्रयोगशाळांतून घेतल्या. त्या घटल्या नव्हत्या. म्हणजे तपासणी चालू होती आणि घट खरी होती.

पुढचा धागा इस्राएलमधील अभ्यासातून मिळाला. तेथील लहान मुलांच्या नाका-घशात न्यूमोकॉकस जवळपास पूर्वीइतकाच सापडत होता, तरीही त्याचे गंभीर आजार घटले होते, आणि त्याच काळात आरएसव्ही व फ्लू गायब होते. याचा सर्वांत पटणारा अर्थ असा की जीवाणू घशात शांत बसलेला असतो आणि विषाणूचा संसर्ग श्वासमार्गाचे अस्तर खरवडतो, तेव्हा त्याला खाली फुप्फुसांत उतरण्यास वाट मिळते. विषाणू नसतील तर ती वाट पुष्कळदा उघडतच नाही. म्हणूनच फ्लू किंवा आरएसव्ही रोखणे हा जीवाणूजन्य न्यूमोनिया रोखण्याचाही एक मार्ग आहे.

६. एक विषाणू शरीरात असेल तर दुसरा येत नाही, हे खरे का?

काही प्रमाणात आणि थोड्या दिवसांपुरते खरे आहे. एखादा विषाणू श्वासमार्गात शिरला की तेथील पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडतात आणि आसपासच्या पेशी काही दिवस कोणत्याही विषाणूविरुद्ध सावध राहतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी श्वासमार्गाच्या पेशींत ऱ्हायनोव्हायरसने आधी शिरकाव केल्यास कोरोनाची वाढ रोखली जाते, असे दिसले आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी काही देशांत आरएसव्हीचा हंगाम लांबला, त्यामागेही हेच कारण असावे असे मानले जाते. परंतु हे संरक्षण भरवशाचे नाही. एकाच रुग्णात दोन विषाणू सापडणे मुळीच दुर्मीळ नाही आणि फ्लू व कोविड एकत्र झाल्यास आजार अधिक गंभीर होऊ शकतो. २०२० मधील मोठी घसरण प्रामुख्याने प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या कारणांनी झाली.

७. १९१८ च्या साथीत तर न्यूमोनियाने माणसे पटापट गेली असे वाडवडील सांगत. तेव्हा उलटे का झाले?

तेव्हा महामारीचा विषाणू स्वतःच इन्फ्लुएंझाचा होता आणि प्रश्न ५ मध्ये सांगितलेली वाट त्याने सताड उघडली. जून १९१८ मध्ये मुंबईत पोहोचलेल्या या साथीने हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे नेली, असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. त्या काळातील मृतांच्या जतन केलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांचा २००८ मध्ये पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा बहुसंख्य मृत्यूंमागे विषाणूच्या पाठोपाठ आलेला जीवाणूंचा न्यूमोनिया असल्याचे दिसून आले. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. म्हणजे त्या रुग्णांना देण्यासाठी औषधच अस्तित्वात नव्हते, आणि पहिल्या महायुद्धामुळे सैनिकांची आणि मालाची वाहतूक जोरात चालू होती.

कोविडमध्ये चित्र निराळे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांनाच प्रतिजैविकांची गरज असलेला जीवाणूसंसर्ग होता, तरीही सुमारे ७५ टक्के रुग्णांना प्रतिजैविके दिली गेली. त्याची किंमत औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या रूपाने आपण यापुढेही मोजणार आहोत. म्हणूनच गल्लीतल्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने ॲझिथ्रोमायसिन घेण्याची कोविडमध्ये लागलेली सवय सोडावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

८. महामारीनंतर मुले सारखी आजारी पडू लागली. मास्क आणि घरबंदीमुळे त्यांची प्रतिकारशक्ती कमकुवत झाली का?

नाही. प्रतिकारशक्ती स्नायूप्रमाणे न वापरल्याने झिजत नाही. घडले ते असे की दर वर्षी काही मुलांना पहिला आरएसव्ही होतो, काहींना पहिला फ्लू होतो. हे दोन वर्षे घडले नाही, म्हणून तिसऱ्या वर्षी तिन्ही वर्षांच्या वाट्याची मुले एकदमच त्या विषाणूंना पहिल्यांदा सामोरी गेली. एकेका मुलाचे शरीर दुबळे झाले नव्हते, तर संसर्ग होऊ शकेल अशा मुलांची संख्या वाढली होती. गर्भवतींनाही या काळात संसर्ग न झाल्याने त्यांच्याकडून बाळांना मिळणारी प्रतिपिंडे कमी पडली असावीत, असे तज्ज्ञ मानतात.

ही उसळी हंगामाचे वेळापत्रक मोडून आली. पश्चिम ऑस्ट्रेलियात हिवाळ्यात येणारा आरएसव्ही २०२० च्या अखेरीस, म्हणजे तेथील वसंत-उन्हाळ्यात आला. अमेरिकेत तो २०२१ च्या उन्हाळ्यात वाढला. आपल्या शेजारी पुणे, मुंबई, कोल्हापूर या भागांत २०२२ च्या पावसाळ्यात स्वाइन फ्लूचे रुग्ण पुन्हा वाढले. २०२२ च्या अखेरीस युरोपातील काही देशांत अ-गट स्ट्रेप्टोकॉकस या जीवाणूचे गंभीर आजार लहान मुलांत वाढले. मायकोप्लाझ्मा हा जीवाणू तर सर्वांत उशिरा, २०२३ मध्ये परतला. तो मुळातच दर काही वर्षांनी साथ आणणारा आणि संथपणे पसरणारा आहे. कोविड होऊन गेल्याने काही काळ प्रतिकारशक्ती ढळते का, यावर संशोधकांत मतभेद आहेत. परंतु उसळीचा मोठा भाग वरच्या साध्या हिशेबाने समजतो.

आणि पुढे ढकलला गेलेला आजार म्हणजे वाया गेलेली मेहनत नव्हे. आरएसव्ही सहा महिन्यांखालील बाळाला जितका धोकादायक असतो, तितका दोन वर्षांच्या मुलाला नसतो.

९. एखादा आजार कायमचा गेला का?

फ्लूचा एक प्रकार बहुधा गेला. इन्फ्लुएंझा-बीच्या यामागाता वंशाचा खात्रीशीर रुग्ण मार्च २०२० नंतर जगात सापडलेला नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ पासून तो घटक लसीतून वगळण्याची शिफारस केली आणि चौपदरी लसीऐवजी तिपदरी लस पुरेशी मानली जाऊ लागली.

१०. टीबीचे रुग्णही २०२० मध्ये कमी झाल्याचे वाचले. ती चांगली बातमी नव्हती का?

नव्हती, आणि हे आम्ही जितक्या ठामपणे सांगू तितके थोडेच. भारतात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, ती २०२० मध्ये सुमारे १८ लाखांवर आली. जगभरात नव्याने निदान झालेल्या रुग्णांची संख्या ७१ लाखांवरून ५८ लाखांवर घसरली. मात्र त्याच वर्षी क्षयरोगाने होणारे मृत्यू दशकभरानंतर प्रथमच वाढले. रुग्ण कमी झाले असते तर मृत्यू वाढले नसते. खोकणारी माणसे कोविडच्या भीतीने घरी बसली, तपासणीची यंत्रे आणि कर्मचारी कोविडकडे वळले, बस बंद होत्या, आणि निदान न झालेला रुग्ण चार भिंतींआड घरच्यांनाच संसर्ग देत राहिला. क्षयाचा जंतू शरीरात महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे दबून राहू शकतो. त्यामुळे काही महिन्यांच्या टाळेबंदीने तो फ्लूसारखा संपत नाही.

२०२२ मध्ये देशातील नोंदी पुन्हा २४ लाखांच्या वर गेल्या. त्यांत नव्या रुग्णांबरोबर मागे राहून गेलेलेही होते. निपाणीच्या तंबाखू वखारींत किंवा विडीकामात आयुष्य गेलेल्या व्यक्तीला, चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला, ऊसतोडीला आलेल्या मजुराला खोकला असला की तो 'धुळीचा', 'धुराचा' म्हणून अंगावर काढला जातो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला कोणत्याही कारणाचा वाटला, तरी थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत ती आणि उपचार दोन्ही मोफत आहेत. उपचार बेळगावात सुरू होऊन कामासाठी कोल्हापूर किंवा गोव्याकडे जावे लागले तरी नि-क्षय ही नोंदणी देशभर एकच असल्याने उपचार तेथे वर्ग करता येतात. निघण्यापूर्वी केंद्रावर तसे सांगावे, म्हणजे औषधांत खंड पडत नाही.

११. टाळेबंदीत बाळाच्या लसी राहून गेल्या. त्याचा न्यूमोनियाशी संबंध येतो का?

थेट येतो. पेंटाव्हॅलंट लसीत हिब आणि डांग्या खोकला या दोन्हींविरुद्ध संरक्षण असते, पीसीव्ही न्यूमोकॉकसविरुद्ध असते, आणि गोवर झालेल्या मुलांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण न्यूमोनिया हेच असते. २०२१ मध्ये भारतात सुमारे २७ लाख मुलांना पेंटाव्हॅलंटचा पहिला डोसही मिळाला नव्हता. २०२२ मध्ये हा आकडा ११ लाखांवर आला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवरचा मोठा उद्रेक झाला.

पीसीव्ही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर मोफत दिली जाते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत. राहिलेल्या डोसांपैकी वयानुसार कोणते देता येतील हे आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती सांगतील. बाळंतपण माहेरी महाराष्ट्रात झाले आणि कार्ड तिकडचे आहे, म्हणून पुष्कळ आया लाजतात. तसे कारण नाही. राष्ट्रीय वेळापत्रक एकच आहे आणि ते कार्ड येथील केंद्रावर चालते. कार्ड हरवले असले तरी लस नाकारली जाण्याचे कारण नाही.

१२. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूत एचएमपीव्ही सापडला तेव्हा नवी महामारी येणार असे वाटले होते. तसे का झाले नाही?

कारण तो नवा विषाणू नव्हताच. त्याची ओळख २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये पटली आणि भारतातही तो २०२५ च्या आधी अनेक वर्षे आढळत आला आहे. बहुतेक मुलांना पाच वर्षांच्या आत तो होऊन जातो. कोविडनंतर तपासण्यांची सोय वाढल्याने पूर्वी 'विषाणूजन्य ताप' म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या आजाराला आता नाव मिळते. महामारीनंतरची काही 'वाढ' ही अशी तपासणीमुळे दिसू लागलेली वाढ असते, जशी क्षयरोगातील घट ही तपासणी थांबल्यामुळे दिसलेली घट होती.

१३. आपल्याकडे फ्लूची लस कोणत्या महिन्यात घ्यावी?

पश्चिम भारतात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात असतो. जानेवारी ते मार्चमध्येही काही वर्षी एक लाट येते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी येथे पाऊस लागून राहिला की माणसे दारे-खिडक्या लावून घरात कोंडली जातात आणि त्याने प्रसार वाढतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस सुरू होण्यापूर्वी लस घेणे सोयीचे. ही लस सरकारच्या नियमित मोफत कार्यक्रमात नाही आणि तिचे संरक्षण वर्षभरात ओसरते. साठीच्या पुढच्या व्यक्ती, गर्भवती, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले यांनी डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

१४. खोकणाऱ्या मुलाची कोविड किंवा फ्लूची चाचणी निगेटिव्ह आली तर त्याला घरी ठेवावे का?

चाचणी एका-दोन विषाणूंविषयीच सांगते, न्यूमोनिया आहे की नाही ते सांगत नाही. त्यापेक्षा मूल शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, अंगावर पिणे सोडणे, सुस्ती, झटके किंवा ओठ निळसर होणे यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

१५. कोविडनंतर वडिलांच्या एक्स-रेमध्ये डाग राहिले आहेत. आता पुन्हा खोकला आहे. डाग जुनेच समजायचे का?

तसे गृहीत धरू नये. गंभीर कोविडनंतर फुप्फुसांत व्रण राहू शकतात आणि एका एक्स-रेवरून ते क्षयरोगाच्या डागांपासून नेहमीच वेगळे ओळखता येत नाहीत. कोविडच्या वेळचे एक्स-रे किंवा सीटी स्कॅन, मग ते बेळगावात काढलेले असोत की मिरजेत, जपून ठेवावेत आणि नव्या फिल्मबरोबर डॉक्टरांना दाखवावेत. डाग वाढला की तसाच आहे, हे तुलनेतच कळते. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर थुंकीत क्षयाचा जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करून घ्यावी. ज्यांना कोविडमध्ये स्टेरॉइड द्यावी लागली होती किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्या बाबतीत ही तपासणी अधिक लवकर व्हावी, कारण या दोन्ही स्थितींत दबून राहिलेला क्षय डोके वर काढू शकतो.